वेळा अमावास्या : उघड्या शिवाराचा दिवस

मार्गशीर्ष महिना सरतो त्या अमावास्येला गोदावरीच्या दक्षिण तीरावरील एखाद्या खेड्यांत कोणी परका मनुष्य सकाळीं दहा-अकराच्या सुमारास जाऊन पोंचला, तर त्याला मोठें चमत्कारिक दृश्य दिसेल. घरांना कुलुपें लागलेलीं, दुकानांच्या फळ्या बंद, पारावर कोणी नाहीं, आणि उन्हांत एखादें कुत्रें तेवढें पडलेलें. गांवावर कांहीं अरिष्ट कोसळलें कीं काय, अशी शंका त्याच्या मनांत यावी. परंतु तोच मनुष्य वेशीबाहेर पडून चार पावलें चालला, कीं सारें गांव त्याला शिवारांत भेटतें. म्हाताऱ्या, तान्हीं मुलें, सासरीं गेलेल्या लेकी, जांवई, व्याही, तालुक्याच्या गांवचे व्यापारी, कचेरींतले कारकून, शाळेंतले मास्तर अशीं सर्व प्रकारचीं माणसें बांधाबांधावर दिसतात. आणि हा परका मनुष्य पायवाटेनें पुढें सरकतो न सरकतो, तोंच पहिल्याच बांधावरून हांक येते : "या पाहुणं, आंबील पिऊन जावा." त्याचें नांव, गांव, जात, व्यवसाय यांची विचारपूस मागाहून होते; हातांत भांडें आधीं येतें.

हा दिवस वेळा अमावास्येचा. परभणी जिल्ह्यांतील गंगाखेड, सोनपेठ, पालम या बाजूस आणि त्याला लागून असलेल्या लातूर, धाराशिव, बीड व नांदेड जिल्ह्यांच्या पुष्कळ भागांत हा सण पाळला जातो. खेडुतांच्या बोलण्यांत त्याचें नांव 'येळवस' असें आहे. हें नांव कानडींतून आलें, याविषयीं फारसा मतभेद नाहीं. कानडींत 'एळ्ळु' म्हणजे तीळ, म्हणून ही तिळाची अमावास्या, असें कोणी सांगतात. 'एळु' म्हणजे सात, म्हणून ही सातवी अमावास्या, असें दुसरे सांगतात. व्युत्पत्ति कोणतीहि खरी असो. बिदर, कलबुरगी या कानडी मुलुखांतहि हाच सण याच दिवशीं शेतांत जाऊन साजरा होतो. १९५६ च्या नोव्हेंबरांत भाषावार राज्यरचना होईपर्यंत हे सारे जिल्हे एकाच हैदराबाद राज्यांत होते. पुढें राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी ज्वारीच्या शेताला आणि आंबिलीच्या मडक्याला ती सीमा समजली नाहीं.

शहरांतील वाचक-श्रोत्यांना या सणांतील विशेष काय, असा प्रश्न पडेल. वनभोजनें सर्वत्रच होतात. आवळीभोजन आहे, कोजागरी आहे. परंतु वनभोजनाला लोक वनांत जातात, म्हणजे जी जागा कोणाचीच नाहीं अशा ठिकाणीं जातात. वेळा अमावास्येला लोक जातात तें शेत कोणाचें तरी असतें. आणि शेताइतकी खाजगी वस्तु खेड्यांत दुसरी नाहीं. घराचें दार दिवसभर उघडें असतें, तेथें शेजारीण केव्हांहि येते. पण शेताच्या बांधाचें तसें नाहीं. हातभर बांध सरकला म्हणून सख्ख्या भावांनीं वर्षानुवर्षें कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्याचीं उदाहरणें गांवोगांवीं आढळतात. सात-बाराच्या उताऱ्यावरील एका ओळीसाठीं माणसें आयुष्य खर्ची घालतात. असें जें जिवापाड जपलेलें खाजगी शेत, तें वर्षांतून एक दिवस कोणासहि मोकळें करावयाचें, हा या सणाचा खरा अर्थ आहे. मळा, वाडी, बाग यांचा मालक त्या दिवशीं मालक राहत नाहीं. तो यजमान होतो.

हा दिवस नेमका याच वेळीं कां यावा, हें शेतीची माहिती असणाऱ्याला सांगावें लागत नाहीं. परभणीची जमीन काळी, खोल आणि ओल धरून ठेवणारी आहे. पावसाळा संपतां संपतां पेरलेली रब्बीची ज्वारी या सुमारास पुरुषभर उंच होऊन पोटरींतून बाहेर पडते व कणसांत दाणा धरूं लागते. हरभऱ्याला घाटे येतात, आणि पहांटेच्या दंवानें त्याच्या पानांवर आंब धरते. तुरीच्या शेंगा भरतात. गहूं हिरवागार असतो, करडई कांट्यांवर आलेली असते, बांधावरच्या बोरी पिकूं लागतात. शेत सर्वांत देखणें असतें तें याच दिवसांत. पुढें कापणी-मळणीची धांदल सुरू व्हावयाची असते. त्यापूर्वींचा हा एक निवांत दिवस. वर्षभर जें एकट्यानें राबून उभें केलें तें चार माणसांनीं पाहावें, ही इच्छा चित्रकाराला असते, गवयाला असते. ती शेतकऱ्यालाहि आहे. त्याचें प्रदर्शन भरविणारें मात्र दुसरें कोणी नसल्यामुळें तें त्यानें पंचांगांतच बसवून टाकलें.

सणाचा विधि साधा आहे. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून शेतांत एक लहानशी कोप बांधतात व तिच्यावर शाल किंवा नवें लुगडें पांघरतात. आंत पांच दगड चुन्यानें रंगवून मांडतात. ते पांच पांडव. कोठें कोठें शेजारीं द्रौपदीहि असते. वनवासांत ज्यांना राज्य नव्हतें, घर नव्हतें, अशा पांडवांनाच शेताचे देव म्हणून बसवावें, यांतील भाव फार खोल आहे. पूजा झाली, नैवेद्य झाला, कीं घरचा कर्ता पुरुष आंबिलीचें भांडें घेऊन शेताच्या चारी कडांनीं फिरतो व हिरव्या डहाळीनें आंबील शिंपडीत जातो. त्याच्या मागें एकजण पारंपरिक आरोळी देत चालतो. तिच्यांतील शब्द अर्धे कानडी आहेत व त्यांचा अर्थ म्हणणाऱ्यांपैकीं बहुतेकांना ठाऊक नाहीं. परंतु या भूमीला आधीं घांस दिल्यावांचून आपण जेवावयाचें नाहीं, एवढें सर्वांना उमगलेलें असतें.

मग पंगत बसते. या पंगतींतील मुख्य पदार्थ म्हणजे भज्जी. तिचा शहरांतल्या भज्यांशीं कांहीं संबंध नाहीं. चुका, पालक, मेथी, हरभऱ्याचीं कोंवळीं पानें, तुरीचे व वालाचे ओले दाणे, वाटाणा, भुईमूग, गाजर, वांगें, म्हणून त्या ऋतूंत जें जें शेतांत व परसांत पिकलें असेल तें तें एकत्र शिजवून त्याला डाळीच्या पिठाचें आळण लावतात. तिच्याबरोबर बाजरीचे व ज्वारीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि ज्वारीचें पीठ ताकांत आंबवून केलेली, मातीच्या मडक्यांत थंडगार झालेली आंबील असते. एकाच भाजींत इतक्या जिनसा घालण्याची ही रीत म्हणजे शेताची एक हिशेबवही आहे. ज्याच्या भज्जींत दहा जिनसा असतात त्याच्या शेतांत दहा पिकें आहेत, असें समजावें. आणि ज्या वर्षीं भज्जीसाठीं सारें सामान बाजारांतून आणावें लागतें, त्या वर्षीं पंगतींत कोणी बोललें नाहीं, तरी शेताचें दुखणें काय आहे तें सर्वांच्या ध्यानांत येतें.

पाहुण्याने पाळावयाचे नियमहि आहेत. मात्र ते कोठेंहि पाटीवर लिहिलेले नाहींत. शहरांतल्या सार्वजनिक बागांत 'फुलें तोडूं नयेत', 'हिरवळीवर चालूं नये' अशा पाट्या पदोपदीं असतात, आणि तरी फुलें तुटतात. येथें पाटी नाहीं, राखणदार नाहीं. हरभऱ्याचा डहाळा उपटून खावा, बोरें वेंचावीं, ऊस मोडून चघळावा, त्याला विचारण्याची गरज नाहीं. परंतु पिशवी भरूं नये. ओट्यांत मावेल तें पाहुण्याचें, पिशवींत भरलें तें चोरीचें, असा साधा भेद लहान मुलालाहि ठाऊक असतो. तासांतून चालावें, पीक तुडवूं नये. कोपीजवळ पायांतील वहाण काढावी. आणि एका बांधावर जेवण झालें असलें, तरी दुसऱ्या बांधावरची हांक मोडूं नये. निदान घोंटभर आंबील प्यावी. एकाच दिवशीं सात-आठ शेतांत जेवून आलेला मनुष्य संध्याकाळीं कौतुकाचा विषय होतो.

ज्याला स्वतःची जमीन नाहीं असा मजूर, कारागीर, दुकानदार किंवा नोकरदार त्या दिवशीं दुसऱ्याच्या शेतांत सहकुटुंब जातो, आणि त्यांत त्याला कमीपणा वाटत नाहीं. लातूर जिल्ह्यांत तर या दिवसाची स्थानिक सुटी जाहीर होत आली आहे, आणि मोठमोठ्या पेठांतून दुपारीं शुकशुकाट असतो. ज्या समाजांत जमीन थोड्यांच्या हातीं आणि श्रम पुष्कळांच्या वांट्याला अशी स्थिति आहे, तेथें हा एक दिवस मोलाचा आहे.

परंतु गौरवाच्या भरांत सत्य झांकूं नये. शिवार सर्वांना मोकळें होतें असें म्हणतांना त्या 'सर्वां'त पूर्वीं कोण कोण येत नव्हतें, हेंहि सांगितलें पाहिजे. ज्यांच्या श्रमावर तें शेत पिकलें, त्यांपैकीं कित्येकांना पंगतींत नव्हे, पंगतीबाहेर, अंतर राखून वाढलें जाई. ज्या विहिरीचें पाणी आंबिलींत असे, त्या विहिरीवर त्यांना चढतां येत नसे. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली. परंतु घटनेचें कलम बांध ओलांडून पंगतींत येऊन बसण्यास पुष्कळ वेळ लागतो. म्हणून या सणाची कसोटी भज्जीच्या चवीवर नाहीं, आंबिलीचें भांडें कोणाकोणाच्या हातांतून फिरतें यावर आहे. जेथें तें निःसंकोच फिरतें, तेथेंच शिवार खरोखर उघडें झालें म्हणावयाचें.

दुसरी गोष्ट स्त्रियांच्या कष्टांची. पुरुष शेतांत फिरून पीक दाखवितात, पाहुणे वाहवा करतात. परंतु त्या पंगतीमागें आदल्या रात्रीपासून चुलीपुढें बसलेल्या बायका आहेत. भाज्या निवडणें, दाणे सोलणें, उंडे वळणें, पोळ्या लाटणें, आणि पहांटे तें सारें डोक्यावर घेऊन शेतापर्यंत चालत जाणें, हें सर्व त्यांच्याकडे. आलेल्या पाहुण्यानें जेवणाची स्तुति केली तर ती कोपीबाहेर बसलेल्या यजमानाच्या कानीं पडते. जिनें रात्र जागविली तिच्यापर्यंत ती क्वचितच पोंचते.

खाजगी बाग लोकांना मोकळी करण्याची कल्पना जगांत इतरत्रहि आहे. तिचा इतिहास या संदर्भांत पाहण्यासारखा आहे. इंग्लंडांत राणी अलेक्झांड्रा १९२५ सालीं वारल्या. गांवोगांव फिरून रोग्यांच्या घरीं जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या कार्याला त्यांचा आश्रय होता. म्हणून त्यांच्या स्मारकासाठीं त्याच कार्याला पैसा उभा करावा असें ठरलें. तेव्हां एल्सी वॅग या बाईंनीं एक सोपी युक्ति सुचविली. देशांत इतक्या सुंदर बागा आहेत, पण त्या भिंतींआड आहेत. त्यांच्या मालकांनीं थोडे दिवस फाटक उघडावें व माणशीं एक शिलिंग घ्यावा. १९२७ सालीं ६०९ बागा उघडल्या, व आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. पुढें बड्या जमीनदारांबरोबर लहान घरांचे मालकहि त्यांत आले. कित्येक खेड्यांत सारें गांव मिळून एकाच दिवशीं घराघरांच्या बागा उघडूं लागलें. ही प्रथा आज जवळजवळ शंभर वर्षें चालली आहे. तिच्यांतील मर्म असें कीं, शिलिंग मालकाच्या खिशांत गेला नाहीं. पाहुण्यानें पैसे दिले, पण ते बाग पाहण्याचे दाम म्हणून नव्हे. कोणा अनोळखी रोग्याच्या उशाशीं बसणाऱ्या परिचारिकेसाठीं दिले. त्यामुळें देणाऱ्यालाहि संकोच नाहीं आणि घेणाऱ्यालाहि नाहीं.

महाराष्ट्रांतहि अशीं दोन उदाहरणें अलीकडे घडलीं. पांचगणी व महाबळेश्वर यांच्यामध्यें वसलेलें भिलार हें स्ट्रॉबेरीचें गांव ४ मे २०१७ रोजीं 'पुस्तकांचें गांव' झालें. वेल्समधील हे-ऑन-वाय या गांवावरून ही कल्पना सुचली. परंतु तेथें पुस्तकें विकतात, आणि भिलारच्या लोकांनीं आपल्या घरांतल्या खोल्या, ओसऱ्या वाचकांना मोकळ्या करून दिल्या. आरंभीं पंचवीस ठिकाणीं मिळून सुमारें पंधरा हजार मराठी पुस्तकें ठेवलीं गेलीं. कोणीहि यावें, घरांत शिरावें, पुस्तक काढून वाचीत बसावें. दुसरें उदाहरण पालघर जिल्ह्याच्या समुद्रकांठावरील बोर्डीचें. डहाणू-घोलवडचा चिकू नांवाजलेला. त्याला भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. २०१३ पासून तेथें चिकू महोत्सव भरूं लागला, आणि मुंबईकर पाहुण्यांना वाड्यांतून हिंडवून चिकू झाडावर कसा वाढतो, कसा उतरवितात, त्याचें काय काय करतां येतें, हें दाखविण्यांत येऊं लागलें. भिलारला घराचें दार उघडलें, बोर्डीला वाडीचें फाटक उघडलें. आणि दोन्ही ठिकाणीं लोकांना एकच शोध लागला, कीं जें आपल्याला रोजचें व सामान्य वाटतें, तेंच पाहण्यासाठीं दुसरा मनुष्य दुरून येतो.

याच शोधावर कृषिपर्यटन नांवाचा नवा व्यवसाय उभा राहिला आहे. बारामती तालुक्यांतील पळशीवाडी येथें या शतकाच्या पहिल्या दशकांत त्याचा पद्धतशीर प्रयोग झाला. पुढें पुणें, नाशिक, कोंकण या बाजूस त्याचा प्रसार झाला, आणि सप्टेंबर २०२० मध्यें राज्यशासनानें कृषिपर्यटनाचें धोरणहि जाहीर केलें. मराठवाड्यांत या व्यवसायाचें मुख्य रूप हुरड्याचें आहे. पौष-माघांत ज्वारीचा दाणा हिरवा, दुधाळ व गोड असतां कणसें खुडावयाचीं, गोंवऱ्यांच्या आगटींत भाजावयाचीं, हातावर चोळून फुंकर मारावयाची, आणि गूळ, तिळाची किंवा लसणाची चटणी यांबरोबर खावयाचीं. पूर्वीं हुरड्याचें आमंत्रण असे. आतां त्याचें तिकीट असतें.

येथें पुष्कळ सज्जन नाराज होतात. पाहुणचार विकावयास काढला, अशी त्यांची तक्रार असते. ती तक्रार ऐकून घ्यावी, पण तपासून घ्यावी. जो शहरवासी उपाहारगृहांतल्या एका जेवणाला मागतील ते पैसे निमूटपणें देतो, त्यानें शेतकऱ्याच्या आगटीपुढें बसतांनाच मात्र जुन्या आतिथ्याची आठवण काढावी, हें न्यायाचें नव्हे. आमंत्रण हें परतफेडीच्या नात्यांत शोभतें. पूर्वीं ज्याच्या शेतांत हुरडा खाल्ला, त्याच्या घरच्या लग्नांत माणूस राबत असे, मळणीला हात लावीत असे, मुलगा शिकावयास शहरांत आला तर त्याला आपल्या घरीं ठेवून घेत असे. ती परतफेड जेथें संपली, तेथें पैशानें तिची जागा घेतली तर त्यांत शेतकऱ्याचा दोष कोणता? दुष्काळ काय असतो हें मराठवाड्याला सांगावें लागत नाहीं. १९७२ चा दुष्काळ आजहि म्हाताऱ्यांच्या बोलण्यांत कालच्यासारखा येतो. एप्रिल २०१६ मध्यें लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा प्रदेशांत शेताला चार पैसे अधिक मिळण्याचा सरळ मार्ग सांपडला, तर तो बंद करण्याचा अधिकार पोट भरलेल्यांना नाहीं.

तरीहि एक मर्यादा आंखली पाहिजे, आणि ती गांवानेंच आंखावी. हुरड्याचे दिवस महिना-दीड महिना चालतात. ते व्यवसायाचे असोत, त्यांचें दाम रोख असो व तें पाटीवर स्पष्ट लिहिलेलें असो. परंतु वेळा अमावास्या हा एक दिवस विक्रीबाहेर ठेवावा. ज्या दिवशीं अनोळखी मनुष्याला नांव न विचारतां आंबील मिळते, तो दिवस एकदां तिकिटावर गेला, कीं जमीन नसलेला मजूर आपल्या मुलांना घेऊन कोणाच्या बांधावर जाईल? तिकीट घेणारा पाहुणा शेतांत येईल. पण गांवचाच गरीब मनुष्य बांधाबाहेर राहील. शिवार परक्यांना उघडलें आणि आपल्यांना मिटलें, असें व्हावयास नको.

व्यवसायाच्या दिवसांतहि इंग्लंडांतील त्या शिलिंगाची गोष्ट विसरूं नये. एकट्या शेतकऱ्यानें फाटक उघडलें तर रस्त्यालगतच्या, विहीर असलेल्या, पैसेवाल्या शेतकऱ्याकडेच पाहुणे जातात. आंतल्या कोरडवाहू शेतावर कोणी जात नाहीं. गांवानें मिळून उघडलें, तर पाहुणा एका शेतांत हुरडा खाईल, दुसऱ्यांत बैलगाडी हांकील, तिसऱ्यांत विहिरीवर बसेल, आणि कुंभाराचें चाकहि पाहील. मिळकतींतून जिनें रांधलें तिच्या हातीं तिची मजुरी आधीं पडावी, आणि कांहीं भाग गांवच्या पेटींत जावा; त्यांतून शाळेचें छप्पर व्हावें, विहिरींतला गाळ निघावा. अशी पेटी असली, कीं ज्याच्या शेतांत पाहुणा आला नाहीं त्यालाहि पाहुणा आल्याचा आनंद होतो, आणि परक्यांच्या गर्दीनें गांवांत जो मत्सर उत्पन्न होतो त्याला आळा बसतो.

परंतु या सर्व योजनांच्या मुळाशीं एक गोष्ट आहे, आणि तीच आज डळमळीत झाली आहे. ती गोष्ट म्हणजे ज्वारी. ज्वारी नसेल तर कोप कशाची बांधावी, आंबील कशाची करावी, हुरडा कशाचा भाजावा? परभणीच्या शिवारांत आज खरिपाला सोयाबीन व कापूस यांचें राज्य आहे. सोयाबीन लवकर निघतें व लगेच बाजारांत विकलें जातें. ज्वारीची काढणी मात्र कंबरडें मोडणारी, भाव बेताचा आणि मजूर दुर्मिळ. त्यांत पांखरांचा त्रास. पूर्वीं सारें शिवार ज्वारीचें असे, तेव्हां पांखरें सर्वांच्या शेतांत थोडथोडीं बसत. त्यांचा वांटा कोणाला फारसा जाणवत नसे. आतां आसपास दुसऱ्या कोणाची ज्वारी नसली, म्हणजे सारे थवे त्या एकट्याच्याच शेतावर उतरतात. अशा रीतीनें एकानें ज्वारी सोडली कीं शेजाऱ्याला ती ठेवणें अधिक अवघड होतें, आणि बघतां बघतां शिवारांतून ती नाहींशी होते. जनावरांचा कडबाहि तिच्याबरोबर जातो, आणि कडबा गेला कीं गोठाहि रिकामा होऊं लागतो.

परभणीलाच १८ मे १९७२ रोजीं स्थापन झालेलें कृषि विद्यापीठ आहे. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचें नांव दिलेलें आहे. ज्वारीवरील संशोधन हें या विद्यापीठाचें जुनें काम. लोह व जस्त यांचें प्रमाण अधिक असलेला 'परभणी शक्ति' हा ज्वारीचा वाण त्यानें हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेच्या सहकार्यानें सिद्ध केला व २०१८ सालीं तो प्रसृत झाला. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां शहरांतहि ज्वारीच्या भाकरीला पुन्हा मान मिळूं लागला. पण शास्त्रज्ञानें वाण दिला आणि शहरानें मान दिला, तरी पेरणी शेतकऱ्यालाच करावयाची आहे. आणि ती तो हिशेब जुळला तरच करील. हुरड्याला वाळलेल्या दाण्यापेक्षां अधिक पैसा मिळतो, त्याची काढणीहि हलकी असते. म्हणून हुरड्याला येणारा पाहुणा, त्याला ठाऊक असो वा नसो, ज्वारीचें एक शेत राखीत असतो. पांखरें हांकलणाऱ्या गोफणीइतकाच त्याचाहि पिकाला उपयोग आहे, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

तेव्हां शहरांतील कुटुंबांनीं काय करावें? पुष्कळांचें मूळ गांव कोठें तरी आहे; चुलत्यांकडे, मामांकडे जमिनीचा एखादा तुकडा अजून शिल्लक आहे. वेळा अमावास्येला तेथें जावें. मुलांना बरोबर न्यावें, आणि त्यांना नुसतें हिंडूं न देतां हरभरा व तूर यांचीं पानें ओळखावयास लावावीं. जातांना मिठाईची पेटी नेण्यापेक्षां आदल्या रात्रीं जाऊन भाज्या निवडावयास बसावें, पुरुषांनीं बसावें. जेवण झाल्यावर जिनें रांधलें तिच्यापाशीं जाऊन चांगलें झालें म्हणून सांगावें. पत्रावळी जेथें टाकावयाच्या तेथें टाकाव्या. काळ्या जमिनींत पडलेला प्लॅस्टिकचा पेला कुजत नाहीं, तो नांगरापुढें वर्षानुवर्षें येत राहतो. आणि ज्यांना गांवच उरलेलें नाहीं, त्यांनीं हुरड्याच्या दिवसांत जावें, मागतील तें दाम द्यावें, घासाघीस करूं नये, आणि निघतांना दोन पायली ज्वारी विकत घेऊन यावें. वर्षभर गव्हाची पोळी खाऊन एक दिवस ज्वारीच्या शेताचें कौतुक करणें, ही शेताची थट्टा आहे.

परभणीविषयीं एक जुनी म्हण दक्खिनी बोलींत प्रसिद्ध आहे : 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' इतर ठिकाणीं जमलें तर ठीक, नाहीं तर परभणी आहेच. या म्हणीचा उच्चार बहुधा थट्टेनें होतो. पण तिच्यांत परभणीकरांनीं खालीं मान घालावी असें कांहीं नाहीं. ज्याचें कोठेंच जमलें नाहीं त्यालाहि जेथें ठाव मिळतो, अशी भूमि ही, एवढाच तिचा अर्थ. वेळा अमावास्येचा बांध हेंच सांगतो.

दिवस मावळूं लागला, म्हणजे शेतांत दूध उतूं जाईपर्यंत तापवितात. कडब्याची पेंढी पेटवून तरुण मुलें शेताच्या कडेकडेनें धांवतात, आणि अंधारांत साऱ्या शिवारभर ज्वाळांच्या रेघा उमटतात. त्या उजेडांत क्षणभर प्रत्येक बांध स्पष्ट दिसतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो बांध पुन्हा ज्याचा त्याचा होतो, आणि हातभर जमिनीचे वादहि कदाचित् पुन्हा सुरू होतात. पण बांधाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनीं काल एकमेकांच्या मडक्यांतली आंबील प्यालेली असते. भांडण करावयाचें झालें, तरी ती चव तोंडांत ठेवून करावें लागतें.